व्होस्कोपोया : अल्बानियातलं एक डोंगरी गाव आणि त्याचे चार दावेदार

डोंगरवाट

अल्बानियाबद्दल मराठीत वाचायला मिळतं ते बहुतेक कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजा आणि त्याचे बंकर, नाहीतर हल्ली समुद्रकिनाऱ्यांचे रील्स. आग्नेयेच्या डोंगरातल्या व्होस्कोपोयाबद्दल काहीच सापडलं नाही. गेल्या उन्हाळ्यात तिथे राहून आलो, आल्यावर हाताला लागेल ते वाचत सुटलो, म्हणून हा धागा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आजचं गाव असं : कोर्चा शहरापासून २१ किलोमीटर, उंची साधारण ११६० मीटर, भोवती पाइनची जंगलं, काही शे वस्ती. उन्हाळ्यात शहरातली कुटुंबं हवापालटाला येतात, हिवाळ्यात बर्फ. संध्याकाळी गायी घरोघर परततात तेव्हा गाड्यांना थांबावंच लागतं. इथवर काही विशेष नाही. पण गावात आणि गावाबाहेर कुरणांत जी चर्चेस उभी आहेत, ती या वस्तीच्या मानाने फार मोठी आणि फार जास्त आहेत. पूर्वी वीसच्या वर होती म्हणतात, आता मोजकीच उरली आहेत.

त्यातलं सेंट निकोलसचं, तिकडच्या बोलीत शेन कोलीचं, चर्च मी निवांत पाहिलं. बाहेरून एखादं धान्याचं कोठार वाटावं असं : दगडी भिंती, उंचावर चिमुकल्या खिडक्या, बसकं छप्पर. घुमट आहेत, पण ते छपराच्या आत, बाहेरून कळतही नाहीत. ऑटोमन अमलात ख्रिस्ती देवळाने गावावर डोकं वर काढून उभं राहणं बरं दिसत नसे. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर लागतं आणि मग चारी बाजूंनी माणसं दिसायला लागतात. जमिनीपासून छतापर्यंत एक हात भिंत कोरी नाही. संत, हुतात्मे, घोडेस्वार, गडद निळ्यावर गेरू आणि सोनेरी. ही चित्रं डेव्हिड सेलेनिका या चित्रकाराने १७२६ मध्ये पुरी केली. त्याआधी तो अथोस पर्वतावरच्या मठांत काम करून आलेला होता, म्हणजे त्या काळातला पहिल्या फळीतला माणूस. जवळच सेंट अथानासिअसचं चर्च आहे, तिथली चित्रं १७४५ ची, कोर्चाच्या कोन्स्तान्दिन आणि अथानास या झोग्राफी भावांची. आडरानातल्या खेड्याला अशा माणसांना बोलावणं परवडलं कसं, हा प्रश्न तिथेच पडतो.

परवडलं, कारण तेव्हा हे खेडं नव्हतं. इथे राहणारे मुख्यतः व्लाख, म्हणजे आरोमुनी लोक. त्यांची भाषा लॅटिनपासून आलेली, रोमानियनची जवळची बहीण. मूळ धंदा मेंढपाळीचा : उन्हाळ्यात कळप डोंगरावर, हिवाळ्यात खाली मैदानात. मेंढ्या असल्या की लोकर आणि कातडी आली, आणि ती वाहायला खेचरं आली. खेचरं बाळगणाऱ्याला वाटा, घाट, चोर आणि जकातवाले सगळे ठाऊक होतात, आणि मग तो दुसऱ्याचाही माल वाहायला लागतो. याच पायऱ्यांनी मेंढपाळाचा काफिलेवाला झाला आणि काफिलेवाल्याचा सावकार. सतराव्या शतकात इथला माल अल्बानियाच्या किनाऱ्यावरून व्हेनिसला जात होता. अठराव्यात खुश्कीच्या मार्गाने व्हिएन्ना, बुदापेस्ट, लाइपझिगपर्यंत इथले व्यापारी पोचले. गावाजवळचा सेंट प्रोद्रोमचा मठ १६३२ चा आहे, म्हणजे तेव्हाच पैसा यायला लागला होता.

मग पैसेवाल्यांनी जे करायचं ते केलं, चर्चेस बांधली. पण त्यावर थांबले नाहीत. १७३१ पासून इथे छापखाना चालत होता. ग्रीक लिपी, ग्रीक भाषा, बहुतेक धार्मिक पुस्तकं. १७४४ मध्ये इथल्या शाळेला ‘नवी अकादमी’ म्हणायला सुरुवात झाली. १७५० च्या सुमारास तिची सूत्रं थेओदोर कावालिओतिस या गावच्याच माणसाकडे आली. तो आज ग्रीसमध्ये असलेल्या यानिनाला शिकून परत आला होता.

आणि १७६९ मध्ये गाव लुटलं गेलं. रशिया-तुर्कस्तान युद्ध पेटलेलं, ग्रीक प्रदेशांत रशियाच्या चिथावणीने उठाव शिजत होता, आणि इथले व्यापारी त्यात सामील असल्याचा वहीम होता. आसपासच्या मुस्लिम अल्बानियन टोळ्या चालून आल्या. छापखाना संपला तो कायमचा. १७८८ मध्ये पुन्हा हल्ला झाला, त्याचं खापर बहुतेक जण यानिनाचा सत्ताधारी अली पाशा याच्या सैन्यावर फोडतात. ज्यांना जाता आलं ते गेले.

कावालिओतिसने मात्र गाव कायमचं सोडलं नाही. त्याच्याबद्दल मला सगळ्यांत जास्त वाटतं ते यासाठी. १७७० मध्ये, म्हणजे लुटीच्या दुसऱ्याच वर्षी, त्याचं ‘प्रोतोपिरिया’ नावाचं पुस्तक व्हेनिसला छापून आलं. गावात छापायची सोय उरलीच नव्हती. पुस्तक तसं साधं, पोरांना ग्रीक वाचायला शिकवणारं. पण त्यात ११७० शब्दांची एक यादी आहे : ग्रीक, व्लाख आणि अल्बानियन, तीन रकान्यांत शेजारी शेजारी. मास्तर १७८९ मध्ये त्याच गावात वारला.

आता गंमत अशी की ग्रीक म्हणतात हे ग्रीक विद्येचं केंद्र होतं. रोमानियन म्हणतात लोक लॅटिन भाषेचे, म्हणजे आमचेच. अल्बानियन म्हणतात गाव आमच्या देशात, चित्रकार आमचे, आमची भाषा तिथे छापासाठी लिहिली गेली. आणि व्लाखांची नवी पिढी म्हणते, तुम्ही तिघेही जरा बाजूला व्हा. मला यातला एकही दावा पूर्ण खोटा वाटत नाही, आणि एकही पूर्ण पटत नाही.

---

पोटोबा

मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली. पण खाण्याचा उल्लेख नाही हा धाग्यावर अन्याय आहे. काय खाल्लंत?

---

डोंगरवाट

पोटोबा, तुमची वाटच पाहत होतो! कोर्चा भागाची खासियत म्हणजे लाक्रोर. मैद्याच्या पातळ लाटलेल्या दोन पाऱ्या, मध्ये कांदा-टोमॅटोचं किंवा पालेभाजीचं सारण, मोठ्या गोल परातीत. आमच्या मुक्कामी मालकीणबाईंनी अंगणात केला. आधी त्यांनी ‘साच’ नावाचं घुमटासारखं लोखंडी झाकण जाळावर धरून चांगलं तापवलं, मग ते परातीवर ठेवलं आणि वर राख आणि निखारे पसरले. अधूनमधून आकडीने झाकण उचलून परात थोडी फिरवायची, म्हणजे सगळीकडून सारखा रंग येतो. हे फिरवणं मला करू दिलं नाही, ‘तुम्ही पाहुणे’ म्हणून. खरं कारण जळेल ही भीती असावी. शाकाहारी माणसाचं तिथे अडत नाही. दही, चीज आणि लोणच्यातल्या मिरच्या भरपूर. राकी, म्हणजे तिकडची दारू, नको म्हणायला मात्र मनाचा हिय्या करावा लागतो.

---

शंकासूर

लेख आवडला, पण एक शंका. नेटवर चाळलं तर व्होस्कोपोयाची लोकसंख्या सत्तर हजार होती असं ठिकठिकाणी दिसतं. ‘अथेन्सपेक्षा मोठं’, ‘बाल्कनमधलं कॉन्स्टँटिनोपलनंतरचं दुसरं शहर’ वगैरे. ११६० मीटर उंचीवर, नदी नाही, बंदर नाही, सुपीक जमीन नाही, आणि सत्तर हजार? एवढ्यांना धान्य कुठून येत होतं? तुम्ही आकडा दिला नाहीत म्हणून विचारतोय.

---

डोंगरवाट

शंकासूर, मुद्दामच दिला नाही. सत्तर हजार, साठ हजार, चाळीस हजार असे सगळे आकडे फिरतात, आणि ते बहुतेक गाव पडल्यानंतरच्या लोकांनी लिहिलेले आहेत. परागंदा माणसाचं घर आठवणीत वाढतच जातं. अलीकडचे अभ्यासक पुष्कळ खाली येतात, काही जण तर काही हजारांवरच थांबतात.

आणि अथेन्सपेक्षा मोठं असण्यात तेव्हा फार मोठेपणा नव्हता. अठराव्या शतकातलं अथेन्स हेच मुळात दहाएक हजारांचं गाव होतं. मला विचाराल तर काही हजारांच्या वस्तीने छापखाना, अकादमी आणि इतकी चर्चेस उभी केली, ही गोष्ट सत्तर हजारांपेक्षा जास्त चकित करणारी आहे.

---

बुदापेस्टकर

धागा वाचून दचकलोच! मी रोज कामाला जातो तो डॅन्यूबवरचा साखळी पूल. त्याच्या उभारणीचा सूत्रधार इश्तवान सेचेनी हे इथे शाळकरी पोरंही सांगतात, पण पैसा उभा करणाऱ्यांत मुख्य नाव जॉर्ज सिना या व्हिएन्नाच्या बँकवाल्याचं. हे सिना घराणं मूळचं मोस्कोपोलेचं, म्हणजे तुमच्या व्होस्कोपोयाचंच. पूल १८४९ मध्ये खुला झाला. त्याचा मुलगा सिमोन सिना याने अथेन्समधल्या अकादमीच्या संगमरवरी इमारतीचा खर्च केला, आणि अथेन्सची वेधशाळा बापाच्या देणगीतून उभी राहिली. चंद्रावरच्या एका विवराला सिनास हे नाव आहे, ते याच सिमोनवरून.

अजून एक. इथून ईशान्येला मिश्कोल्ट्स नावाचं शहर आहे. तिथलं ऑर्थोडॉक्स चर्च याच व्यापाऱ्यांच्या वस्तीने बांधलं. आतली चित्रांची लाकडी भिंत सोळा मीटर उंच आहे, मान दुखते बघताना. रोमानियन चर्चचा मोठा धर्मगुरू आन्द्रेई शागुना याच मिश्कोल्ट्समध्ये जन्मला, घराणं तेच मोस्कोपोलेकडचं. हंगेरीत या सगळ्या व्यापाऱ्यांना सरसकट ‘ग्रीक’ म्हणत. घरात व्लाख बोला, अल्बानियन बोला, नाहीतर सर्बियन. दुकानदार आणि ऑर्थोडॉक्स असलात की झालात ग्रीक. त्यामुळे जुन्या दप्तरात ‘ग्रीक’ दिसलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नये.

---

शंकासूर

बुदापेस्टकर, बाप पूल बांधतो, मुलगा चंद्रावर जातो. आणि मूळ गावात गायी रस्ता अडवतात. कमाल आहे.

---

अक्षरवेडी

कावालिओतिसच्या शब्दयादीचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. जर्मनीत हाल्ले इथे योहान थुनमान नावाचा स्वीडिश प्राध्यापक होता. त्याने १७७४ मध्ये पूर्व युरोपातल्या लोकांच्या इतिहासावर पुस्तक काढलं, त्यात ही यादी लॅटिन अर्थ जोडून पुन्हा छापली. अल्बानियन आणि व्लाख या भाषांकडे पश्चिम युरोपातले विद्वान गंभीरपणे बघायला लागले त्यात या यादीचा मोठा हात आहे. पोरांना ग्रीक यावं म्हणून केलेली यादी, आणि अभ्यास झाला तो बाकीच्या दोन रकान्यांचा!

याच गावच्या दानिएलचा तर यापेक्षा भारी किस्सा. त्याच्या कोशात चार भाषा आहेत : ग्रीक, व्लाख, बल्गेरियन, अल्बानियन. १८०२ ची आवृत्ती प्रसिद्ध आहे. सुरुवातीला पद्य आहे, त्याचा मथितार्थ असा की अल्बानियन, व्लाख आणि बल्गेरियन जनहो, आनंद करा, आपली रानटी बोली सोडा आणि ग्रीक होण्याची तयारी करा. आज दक्षिणेकडच्या स्लाव्ह बोलींचा जुना नमुना म्हणून हाच कोश तिकडचे अभ्यासक उघडतात. दानिएलला हे कळतं तर कपाळाला हात लावला असता.

पण त्याच गावचं दुसरं टोकही बघा. कोन्स्तान्तिन उकुता याने १७९७ मध्ये व्हिएन्नाला व्लाख भाषेची अंकलिपी छापली, आणि मिहाइल बोयाजी याने १८१३ मध्ये तिथेच तिचं व्याकरण. बोयाजी जन्मला हंगेरीत, पण घराणं मोस्कोपोलेचं. म्हणजे आईची भाषा टाका म्हणणारे आणि तिचं व्याकरण लिहिणारे एकाच मातीतले, जेमतेम एका पिढीच्या अंतराने. डोंगरवाट, तुमचे चारही दावेदार मला वाटतं गावातच जन्मले. देश नंतर आले.

---

डोंगरवाट

अक्षरवेडी, शेवटचं वाक्य माझ्या लेखात असायला हवं होतं. पुढच्या वेळी ढापणार.

---

गावकुसाबाहेर

‘मुस्लिम टोळ्यांनी ख्रिस्ती गाव लुटलं’ एवढं वाचून इथे आता नेहमीचा दंगा सुरू व्हायच्या आत विचारतो : हे धर्मयुद्ध होतं की लूट होती?

---

डोंगरवाट

चांगलं विचारलंत. दोन्हीचे धागे आहेत, पण मला लुटीचा धागा जाड वाटतो. सुलतान युद्धात गुंतलेला, डोंगरात कायदा पातळ झालेला, आणि अडचणीच्या वाटेवर एक श्रीमंत गाव, ज्यावर राजद्रोहाचा शिक्काही बसलाय. अशा गावावर हात टाकायला निमित्त कोणतंही चालतं. अली पाशाचं सांगायचं तर त्याने ख्रिस्ती आणि मुस्लिम दोघांनाही सारखंच पिळलं. त्याच्या दरबारात कारभारी आणि वैद्य म्हणून ग्रीक आणि व्लाख होतेच.

आणि गावाची जळायची पाळी तिथे संपली नाही. १९१६ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, साली बुत्का या अल्बानियन बंडखोर पुढाऱ्याच्या टोळीने ते पुन्हा जाळलं. तेव्हा या भागावर ग्रीस आणि अल्बानिया दोघांचाही डोळा होता, आणि व्होस्कोपोया ग्रीकांच्या बाजूचं समजलं जाई. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनीही हात धुऊन घेतले. १९६७ मध्ये होजाने धर्मावरच बंदी घातली, देशभरची चर्चेस आणि मशिदी बंद. इथली काही चर्चेस सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदलेली होती म्हणून वाचली. आत हात पोचेल तिथवर चेहरे खरवडलेले दिसतात, नावं कोरलेली दिसतात. कोणी केलं विचारलं तर ज्याला विचाराल तो आपल्या नावडत्या माणसांचं नाव सांगतो.

---

पुण्याची_काकू

किती छान माहिती! अल्बानिया म्हटलं की आम्हाला एकच नाव, मदर तेरेसा. तिरानाच्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे ना? त्याही या बाजूच्याच का?

---

डोंगरवाट

हो काकू, विमानतळाला त्यांचंच नाव. पण जन्म आजच्या उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोप्येचा, १९१० चा, आणि घर कॅथलिक अल्बानियन. व्होस्कोपोया ऑर्थोडॉक्स. तुम्ही भारतातून आलात म्हटल्यावर तिकडे पहिला विषय त्यांचाच निघतो, लगेच कॉफी येते. दुसरा विषय हिंदी सिनेमा.

---

गावकुसाबाहेर

आज तिथे राहतं कोण? व्लाख उरलेत का?

---

डोंगरवाट

उरलेत, पण गाव मिश्र आहे, अल्बानियनही आहेत. ज्यांच्याकडे राहिलो ते मालक आईशी व्लाखमध्ये बोलत, बायकोशी अल्बानियनमध्ये आणि फोनवर थेस्सालोनिकीतल्या भावाशी ग्रीकमध्ये. मुलांना व्लाख कळते, उत्तर अल्बानियनमध्ये येतं. हे काही आपल्याला नवीन नाही.

मेंढपाळीचा जुना फेरा मोडला तो सरहद्दींमुळे. हिवाळ्यात कळप ज्या मैदानांत उतरायचे त्यातली पुष्कळशी बाल्कन युद्धांनंतर ग्रीसमध्ये गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर सीमा पक्की बंद झाली, दोन्ही देशांमधली युद्धस्थिती ग्रीसने कागदोपत्री संपवली ती १९८७ मध्ये. इकडे कळपही सरकारी शेतीत जमा झाले.

१९९१ नंतर दार उघडलं आणि दोनशे वर्षांपूर्वीचा वाद एकदम पोटापाण्याचा झाला. ग्रीसमध्ये मजुरी होती, आणि आपण मूळचे ग्रीक वंशाचे असं दाखवता आलं तर व्हिसा सोपा जाई. रोमानिया व्लाखांच्या मुलांना शिष्यवृत्त्या देत होता. मग एकाच घरातला एक भाऊ अथेन्सला ‘ग्रीक’ आणि धाकटा बुखारेस्टला ‘रोमानियन’ अशी उदाहरणं झाली, आणि आई घरी व्लाखच. याला कोणी ढोंग म्हणेल, मी म्हणणार नाही. त्यांच्या पणजोबांनीही व्हिएन्नात दुकान टाकताना हेच केलं होतं. २०११ च्या अल्बानियन जनगणनेत स्वतःला आरोमुनी म्हणवणारे आठ हजारांच्या आसपास निघाले, आणि अल्बानियाने त्यांना अल्पसंख्याक म्हणून कायद्याने मानलं ते २०१७ मध्ये.

---

शंकासूर

दोन भावांचा किस्सा जबरदस्त. बाकी पळालेले सगळे काय व्हिएन्नालाच गेले?

---

डोंगरवाट

छे, व्हिएन्ना पैसेवाल्यांना. बाकीचे कोर्चाला, बितोलाला, आणि बरेचसे क्रुशेवोला. हे आजच्या उत्तर मॅसिडोनियातलं गाव १३५० मीटरवर आहे, म्हणजे पुन्हा डोंगरातच. १९०३ मध्ये तिथे तुर्कांविरुद्ध उठाव होऊन दहा दिवसांचं प्रजासत्ताक उभं राहिलं. तोही वेगळ्याच धाग्याचा विषय.

---

पोटोबा

क्रुशेवोचा धागा काढाच, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि इथे जायचं कसं ते सांगा. लाक्रोरसाठी येणार आहे.

---

डोंगरवाट

तिरानाहून कोर्चाला फुर्गोन म्हणजे आपल्या वडापसारखी मिनीबस मिळते, भरली की सुटते, चारेक तास धरून चला. वाटेत ओह्रिद सरोवर दिसतं, त्यासाठी डावीकडची खिडकी पकडा. कोर्चाहून पुढे टॅक्सी. संध्याकाळी परतायचा हट्ट धरू नका, मुक्काम करा. चर्चेस बहुतेक कुलूपबंद असतात, मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं तर ते किल्लीवाल्याला फोन करतात. विजेरी न्या, आत दिवे नाहीत म्हटलं तरी चालेल. फ्लॅश मारू नका. मठाची वाट जंगलातून चढते, तासाभराची आहे, आणि ऑगस्टमध्येही वर स्वेटर लागतो.